साठ महिने पगाराचे, बारा पदरचे

ग्रंथालय व माहितीशास्त्रात पीएच.डी. करायला निघालेल्यांच्या आड बऱ्याचदा वय येतं. आधी बी.ए. किंवा बी.एस्सी., मग वर्षभर बी.लिब., मग वर्षभर एम.लिब., त्यात कुठेतरी दोन-तीन वर्षं कंत्राटी नोकरी. यूजीसीच्या नेट परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफ फेलोशिपचा विचार डोक्यात येईपर्यंत तिशी दारात उभी असते, आणि खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाला जेआरएफची मर्यादा ३० वर्षांचीच आहे. महिला, एससी, एसटी, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना ५ वर्षांची सवलत मिळते. म्हणून नेटचा फॉर्म एम.लिब.च्या वर्षातच भरावा. विषय क्रमांक ५९. परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांत होते. अलीकडच्या वर्षांत फी खुल्या प्रवर्गाला १,१५०, ईडब्ल्यूएस आणि ओबीसींना ६०० आणि एससी, एसटी, दिव्यांगांना ३२५ रुपये होती. पीएच.डी.च्या सगळ्या खर्चात याहून किफायतशीर पैसा नाही.

कारण मिळणारी रक्कम बघा. १ जानेवारी २०२३पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढची तीन वर्षं ४२,०००. पाच वर्षांचे बरोबर २४ लाख. हॉस्टेल मिळालं नाही तर शहराच्या वर्गाप्रमाणे घरभाडे भत्ता वेगळा. कंटिन्जन्सी सामाजिक शास्त्रांच्या दरानं पहिली दोन वर्षं वार्षिक १०,००० आणि नंतर २०,५००. झेरॉक्स, टायपिंग, प्रवास यातूनच भागवायचा.

नेट हुकली तरी वाट बंद होत नाही. एकुलत्या एक मुलींसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. दर जेआरएफचाच, वयोमर्यादा ४०, आरक्षित प्रवर्गाला ४५. अट एवढीच, की पीएच.डी. पूर्णवेळ हवी. जुळ्या बहिणीही यात बसतात, हे अनेकींना माहीत नसतं. आयसीएसएसआरची फेलोशिप महिना २०,०००ची आणि जास्तीत जास्त दोन वर्षांची. नोंदणी पक्की झाल्याखेरीज तिथे अर्ज करता येत नाही, त्यामुळे आरआरसी (संशोधन व मान्यता समितीची मंजुरी) लवकर उरकणं हाच त्यावर उपाय.

महाराष्ट्रातल्यांनी राज्याच्या संस्थांच्या जाहिरातींवर डोळा ठेवावा: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय. पण हे पैसे वेळेवर येतील असं धरून खोली भाड्यानं घेऊ नका. जागा किती आणि निवड कशी, हे वर्षागणिक बदलतं, आणि फेलोशिपसाठी आझाद मैदानात बसलेले संशोधक आपण पाहिले आहेत. एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत, तेव्हा आधी मिळालेली सोडताना पुढचीचं पत्र हातात असू द्या.

बंगळुरूचं डीआरटीसी मराठी मुलांच्या यादीत सहसा नसतं, हे खटकतं. एस. आर. रंगनाथन यांनी १९६२मध्ये सुरू केलेलं हे केंद्र भारतीय सांख्यिकी संस्थेचा भाग आहे, आणि त्या संस्थेची या विषयाची जेआरएफ स्वतःच्या परीक्षेतून मिळते. नेटच्या बरोबरीनं तिचीही तयारी करता येते.

आता खर्चाकडे. नोंदणी आणि वार्षिक फी विद्यापीठाच्या तक्त्यात दिसते. जी दिसत नाही ती रक्कम विषय ठरवतो. जिल्ह्यातल्या सगळ्या महाविद्यालयीन ग्रंथालयांचं सर्वेक्षण घेतलंत, तर एस.टी. आणि मुक्काम आलाच (मार्च २०२३पासून महिलांना एस.टी.त अर्धं तिकीट, ही या विषयाला सरकारनं नकळत दिलेली शिष्यवृत्तीच म्हणायची). बिब्लिओमेट्रिक्स घेतलंत तर घर सोडावं लागत नाही, पण आपल्या विद्यापीठाकडे स्कोपस आहे का, हे गाईडला आधी विचारा. नसेल तर ओपनॲलेक्स फुकट आहे. व्हीओएसव्ह्यूअर, झोटेरो, आर हेही फुकट. प्लेजिअरिझम तपासणीला झेरॉक्सवाल्याला पैसे देऊ नका, ती विद्यापीठाच्या ग्रंथालयातून होते. आणि ‘पैसे भरा, आठवड्यात पेपर छापून देतो’ असा मेसेज आला तर पुसून टाका. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती उरलेली नाही. विद्यापीठाची स्वतःची अट तेवढी बघावी.

नोकरीतल्या ग्रंथपालांना यातलं फारसं काही मिळत नाही. अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे, संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं, आणि पगार हीच फेलोशिप.

पूर्णवेळवाल्यांचा खरा पेच शेवटी आहे. पीएच.डी.ची मुदत सहा वर्षांची, जेआरएफ पाच वर्षांची. प्रबंध लिहिण्याच्या, बांधणीच्या, व्हायवाची वाट पाहण्याच्या वर्षात खात्यात काही येत नाही. शिवाय सुरुवातीची फेलोशिपही दर महिन्याला विद्यापीठातल्या माहिती भरणाऱ्या-तपासणाऱ्या बाबूनं (मेकर-चेकर) पोर्टलवर हजेरी कळवल्याशिवाय सुटत नाही. तो बाबू रजेवर गेला की तुमचा महिना अडकला. म्हणून सुरुवातीला चार-सहा महिन्यांचा खर्च हाताशी असावा, आणि पहिला हप्ता जमा झाला की बँकेत महिना ७,०००ची आरडी लावावी. ६० महिन्यांत मुद्दलच ४ लाख २० हजार होतं, म्हणजे सहाव्या वर्षीही महिना ३५,०००.