घर बघायला रात्री या

नवरा परभणीत जिल्हा परिषदेच्या शाळेवर आणि मी बदलीच्या नोकरीत, बँकेत. त्यामुळे दर चार-पाच वर्षांनी आमच्याकडे खोकी बांधायचं काम निघायचं. २००६ साली नाशिक, मग तेव्हाचं औरंगाबाद, पुढे कोल्हापूर आणि आता पुणे. सोबत मुलगी. नाशिकला गेलो तेव्हा ती चार वर्षांची होती, आता नोकरीला लागली आहे. चारही शहरांत ओळखीचं कुणी नव्हतं आणि चारही ठिकाणी एजंटचं पहिलं वाक्य एकच होतं, "एकदम सेफ एरिया आहे, मॅडम." त्यात खरं किती, हे कळायला दर वेळी काही ना काही मोजावं लागलं.

१. घर दिवसा आवडू द्या, ठरवा मात्र रात्री

नाशिकचं घर मी रविवारी सकाळी अकराला पाहिलं. समोर शाळा, कोपऱ्यावर रसवंती, दारात गुलमोहर. लगेच टोकन दिलं. मार्चअखेरीस एका दिवशी कॅश जुळेना. साडेसहाशे रुपयांचा फरक सापडेपर्यंत नऊ वाजून गेले. स्टॉपवरून घराकडे वळले आणि पाहते तर सकाळी गोजिरी दिसलेली शाळा म्हणजे आता दोनशे पावलांची आंधळी भिंत. दुसऱ्या बाजूला गोदाम, शटर खाली. मधे एकच दिवा, तोही मिचमिचणारा. मागून मोटरसायकल आली, माझ्याजवळ जरा हळू झाली आणि निघून गेली. झालं काहीच नाही. पण पुढे वर्षभर उशीर झाला की मी थेट दारापर्यंत रिक्षा करायची. भाडं कमी म्हणून घेतलेल्या घराची बचत अशी रिक्षात गेली.

तेव्हापासून नियम केला. ज्या वेळी मी कामावरून परतणार, त्याच वेळी त्या रस्त्यानं एकदा चालून यायचं. दुकानं किती उघडी आहेत, बायका-मुली रस्त्यावर दिसतात का, हे मोजायचं. रिक्षावाला "तिकडं नाही येत" म्हणाला, तर का ते विचारायचं. बहुतेकदा परतीचं भाडं मिळत नाही एवढंच कारण असतं. पण तेही कळलेलं बरं, कारण पावसाळ्यात रात्री तेवढंच महत्त्वाचं ठरतं.

२. "सेफ आहे का?" हा प्रश्न विचारू नका

या प्रश्नाला सगळे होच म्हणतात. एजंटला कमिशन हवं असतं, घरमालकाला भाडं, आणि शेजाऱ्याला आपली गल्ली वाईट म्हणवत नाही. म्हणून प्रश्न बारीक करायचा. मेडिकलवाल्याला विचारायचं, दुकान किती वाजता बंद करता? दूधवाल्याला विचारायचं, पहाटे गाडी कुठे लावता, कधी काही गेलं का? मुलीच्या वयाच्या मुलीला विचारायचं, क्लासवरून एकटी येतेस की कुणी घ्यायला येतं? तिचं उत्तर मी सगळ्यांत वर धरते.

वस्ती सगळ्यांसाठी आणि चोवीस तास सारखी नसते. माझ्या नवऱ्याला जो चौक "गजबजलेला, छान" वाटला, तिथल्या टपरीपुढून जाताना मुलगी ओढणी सावरायची. दोघंही आपापल्या जागी खरे होते.

३. चोर कुठून येतो याआधी पाणी कुठवर येतं ते विचारा

हे मला शिकवलं कोल्हापूरच्या एका इस्त्रीवाल्यानं. २०१६ साली शाहूपुरीच्या बाजूला एक घर जवळजवळ ठरलं होतं. माझ्या सवयीनं कोपऱ्यावरच्या हातगाडीशी थांबले आणि चोऱ्यामाऱ्यांचं विचारलं. त्यानं इस्त्री उभी ठेवली, मागच्या भिंतीपाशी गेला आणि कंबरेएवढ्या उंचीवरच्या एका फिकट पट्ट्यावर हात ठेवला. "चोरीचं काय घेऊन बसलाय वैनी? हे बघा. २००५ चं पाणी हितवर हुतं."

मी ते घर सोडलं आणि चढावर, जरा लांबचं घेतलं. भाडं दीड हजारानं जास्त. नवरा कुरकुरला. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांची पातळी ओलांडली. तिथं ३९ फुटांवर इशारा असतो आणि ४३ फुटांवर धोका. त्या आठवड्यात आमच्या दोन खोल्यांत तीन कुटुंबं झोपत होती. पुण्याकडून येणारा महामार्ग बंद, पेट्रोल मिळेना, दुधाला रांगा. इस्त्रीवाला पूर ओसरल्यावर भेटला. पट्टा नव्यानं वर सरकला होता.

पावसाची आठवण प्रत्येक गाव कुठेतरी जपून ठेवतं. नाशिकमध्ये गोदाघाटावर दुतोंड्या मारुती आहे. पाणी त्याच्या कंबरेला आलं की गळ्याला, यावरून जुने नाशिककर पूर जोखतात. पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, ते पाणी कुठवर आलं होतं हे पेठांतल्या म्हाताऱ्या माणसांना अजून पायरीनिशी माहीत असतं. आणि धोका नदीचाच असतो असंही नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्यानं सहकारनगर, अरण्येश्वर भागात हाहाकार केला. तो ओढा एरवी पुलावरून जाताना दिसतही नाही.

पाटबंधारे खातं नदीकाठी दोन पूररेषा आखतं. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर या रेषांच्या कुठल्या बाजूला आहे हे विचारायला लाजू नका. आणि घराच्या नावात "रिव्हर व्ह्यू" असेल तर दोनदा विचारा.

४. "आपल्या लोकांची वस्ती" ऐकलं की कान टवकारा

औरंगाबादला एका एजंटनं आवाज खाली आणून सांगितलं, "मॅडम, इथं सगळी आपली माणसं आहेत." माझं आडनाव त्यानं आधीच विचारून घेतलं होतं. मी विचारलं, "रात्री पाणी आलं तर नळावर भांडणं होतात का? रस्त्यावर दिवे आहेत का?" त्याला दोन्हींचं उत्तर येत नव्हतं. त्याच्या लेखी वस्तीची सुरक्षितता जातीधर्मावर ठरत होती.

मी तिथं राहिले नाही. दोन गल्ल्या पलीकडे, ज्या भागाबद्दल "तिकडं नको" असं तो म्हणाला होता, तिथं राहिले. समोर बेकरी होती, पहाटे चारपासून जागी. माझी रात्रीची मीटिंग असली की मुलगी बेकरीवाल्या भाभींकडे बसून गृहपाठ करायची.

दुसरी बाजूही सांगायला हवी. नवरा सोबत नाही म्हणून मला तीन घरमालकांनी नकार दिला. त्यांच्या दृष्टीनं वस्तीला धोका होता तो माझाच.

५. गेटच्या आतलं मोजू नका, गेटच्या बाहेरचं मोजा

पुण्यात आलो आणि पहिल्यांदाच मोठ्या सोसायटीत घर घेतलं. तीन वॉचमन, कॅमेरे, भाजीवाल्यालाही मोबाइलवर परवानगी घेऊनच आत सोडायचं. पण गेटपासून बसस्टॉप एक किलोमीटर. त्या किलोमीटरला फुटपाथ नाही, कडेला खडी पडलेली आणि समोरून सिमेंट मिक्सर सुसाट. मुलगी एकदा त्यातल्या एकापासून वाचण्यासाठी गटारात उतरली. घोटा मुरगळला. कॅमेऱ्यांत तिचं लंगडत आत येणं तेवढं छान टिपलं गेलं.

अकरा महिन्यांनी आम्ही ते घर सोडलं. आता जुन्या इमारतीत राहतो. वॉचमन एकच, तोही दुपारी डुलक्या काढणारा. पण दारासमोर किराणा, मेडिकल, पोळीभाजी केंद्र. स्टॉप दोन मिनिटांवर.

६. नळालाही विचारा

औरंगाबादला पाणी काही दिवसांआड यायचं आणि वेळेचा नेम नसायचा. रात्री दोनला आलं तर रात्री दोनला उठून, दार उघडून, खालचा व्हॉल्व्ह सोडायचा. घर निवडताना हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाणी शुद्ध आहे का, हा प्रश्न त्याहून मोठा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडे गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि संशय दूषित पाण्याकडे गेला. तेव्हापासून पाणी महापालिकेचं, विहिरीचं की टँकरचं, हे मी भाड्याच्या आधी विचारते.

७. कुलूप नवं, करार नोंदवलेला

एका घरमालकानं साध्या कागदावर काम भागवलं. मीही म्हटलं, कशाला खर्च. चार महिन्यांत त्यांच्या पुतण्याचं लग्न ठरलं आणि आम्हाला पंधरा दिवसांत घर सोडायला सांगितलं. हातात नोंदवलेला करार असा काहीच नव्हता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार नोंदवणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्याचं कामही त्याच आठवड्यात उरकून घ्यावं.

आणि पहिल्याच दिवशी कुलूप बदला. आधीच्या भाडेकरूनं किती किल्ल्या करून घेतल्या होत्या, हे घरमालकालाही माहीत नसतं.

८. आपणही त्यांच्यासाठी अनोळखीच

वस्ती आपल्याला जोखत असते तेव्हा तोंड लपवून चालत नाही. सामान उतरवलं की त्याच संध्याकाळी मी वर-खालच्या घरांची बेल वाजवते, नाव सांगते, परभणीहून आलो म्हणून सांगते, एका शेजारणीला किल्ली ठेवायला देते. मुलीला हे फार लाजिरवाणं वाटायचं. एका रात्री मी गाडीत अडकले आणि मोबाइल बंद पडला, तेव्हा शेजारच्या काकूंनी तिला जेवू घालून झोपवलं होतं. त्यानंतर तिची तक्रार थांबली.

गेल्या महिन्यात आमच्या वरचा फ्लॅट बघायला लातूरकडच्या मायलेकी आल्या. मुलगी नुकतीच कंपनीत लागलेली. एजंट जिन्यातच म्हणाला, "एकदम सेफ एरिया." आईनं माझ्याकडे पाहिलं. "कसं हाय हो ताई हितं?"

मी विचारलं, "मुलगी किती वाजता येणार?"

"साडेनऊ-दहा होतेत."

"मग साडेनऊलाच या. मी खाली थांबते."

त्या खरंच आल्या. स्टॉपपासून चालत आल्या, मी गेटशी उभी. वस्तीबद्दल मला सगळं माहीत आहे अशा थाटात मी सांगायला सुरुवात केली, तर मुलगी म्हणाली, "काकू, डीपीजवळचा दिवा बंद आहे. तिथनं गेटपर्यंत काहीच दिसत नाही."

मी वळून पाहिलं. खरंच बंद होता. पोळीभाजीवाल्या ताई म्हणाल्या, तीन आठवडे झाले. मी आता मुलीच्या स्कूटरवर मागे बसून येते, हेडलाइटच्या उजेडात. मला दिसलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी महापालिकेत तक्रार केली. दिवा लागला की त्या मुलीला कळवायचं कबूल केलं आहे.