वऱ्हाडचे गहाणखत

आपला बुलढाणा जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात कसा गेला, असे कोणी विचारले तर आपल्या डोळ्यांपुढे प्रथम लढाई उभी राहते. लढाई झाली हे खरे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला, पाठोपाठ गाविलगड पडला आणि देवगावचा तह झाला. परंतु त्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड मिळाले ते इंग्रजांना नव्हे, तर त्यांचा मित्र निजाम याला. इंग्रजांच्या हाती ते आले पन्नास वर्षांनी, आणि तेही लढाई न होता. ते कसे, हेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

निजामाने १७९८ व १८०० च्या तहांनी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. तिच्या खर्चासाठी त्याने म्हैसूरकडून मिळालेला मुलूख तोडून दिला. शिवाय युद्धप्रसंगी स्वतःचे सैन्य मदतीस देण्याचेही त्याने कबूल केले. या अटीतूनच पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची कंटिन्जंट फौज उभी राहिली. करार युद्धकाळापुरता होता. फौज मात्र शांततेच्या काळातही कायम राहिली. पगार निजामाने द्यावा आणि हुकूम रेसिडेंटने सोडावा, असा हा कारभार होता! पगार थकू लागला, तेव्हा कंपनीच्याच खजिन्यातून उचल झाली आणि ती निजामाच्या नावे मांडली गेली. हे कर्ज ४० लाखांच्या वर गेले. अखेर २१ मे १८५३ च्या तहाने डलहौसीने वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिव हे प्रांत फौजेच्या खर्चासाठी लावून घेतले. मात्र हिशेब द्यावा आणि शिल्लक निजामाला द्यावी, असे त्यात ठरले होते.

१८५७ च्या उठावात निजामाचे सरकार इंग्रजांच्या बाजूने राहिले. त्याचे बक्षीस म्हणून १८६० च्या तहाने सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले. रायचूर व धाराशिव परत मिळाले. कर्ज फिटल्यावर गहाण सुटावयास हवे होते. पण वऱ्हाड सुटले नाही. उलट, त्याचा हिशेब मागण्याचा हक्कच निजामाने सोडून दिला. या तहातील हे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सालारजंगाने वऱ्हाड परत मिळविण्याची पुष्कळ खटपट केली, ती व्यर्थ गेली. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये ठरवून वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. पण वऱ्हाडातल्या एका गावाचाही कारभार त्याच्याकडे आला नाही.

ही रीत फक्त हिंदुस्थानापुरती नव्हती. मलाया देशातील पेराक संस्थानात २० जानेवारी १८७४ रोजी पांगकोरचा तह झाला. सुलतानाने इंग्रज रेसिडेंटचा सल्ला घ्यावा व तो पाळावा, अपवाद फक्त धर्म आणि रूढी यांचा, असे त्यात होते. जो पाळलाच पाहिजे त्याला सल्ला कसे म्हणावे? पुढच्याच वर्षी बर्च नावाच्या रेसिडेंटचा तेथे खून झाला. तरीही इंग्रजांची पकड ढिली न होता घट्टच झाली.

दोन्हीकडे राजाचे नाव राहिले, सत्ता गेली. सावकाराकडे जमीन गुंतलेल्या कुणब्याला हे समजावून सांगावे लागत नाही. सातबाऱ्यावर नाव आपले, पीक मात्र दुसऱ्याच्या खळ्यात. फरक एवढाच की, या व्यवहारात गहाण पडलेल्या मेहकर-मलकापूरच्या रयतेला कोणत्याच तहात कोणी विचारले नाही, निजामानेही नाही. सारा मात्र तिनेच भरला. म्हणून इतिहास वाचताना लढायांच्या तारखांबरोबर तहांची कलमेही आपण वाचली पाहिजेत. सही कोणाची, खर्च कोणाचा आणि हिशेब कोणाच्या हाती, हे तीन प्रश्न प्रत्येक कराराला विचारावेत, असे मला वाटते.