दोष बटणाचा कीं तारेचा?

यवतमाळ जिल्ह्यांतील काळ्या मातींत पावसाळ्यांत मोटारीचें चाक जागींच फिरूं लागतें. ट्रॅक्शन कंट्रोल तें आवरतें. परंतु खोल चिखलांतून निघतांना कधीं कधीं तें बटण दाबून बंद करावें लागतें. हें बटण चालेनासें झाल्यास तेंच बिघडलें असें आपण लगेच मानूं नये. प्रथम फ्यूज पाहावा. नंतर जोडणींतील गंज व सैल तार. मग किल्ली बंद ठेवून, बटणाची जोडणी सोडवून मल्टिमीटर लावावें. साधें बटण दाबतांच रोध जवळजवळ शून्य झाला, तर बटण निर्दोष होय. दोष तारेंत, अर्थिंगमध्यें वा नियंत्रकांत शोधावा. इशाऱ्याचा दिवा सतत जळत असल्यास चाकाचा वेग मोजणारा सेन्सरही तपासावा. क्रमानें शोधिल्यास निर्दोष वस्तु बदलण्याचा खर्च टळतो व खरा दोष लपत नाहीं.