खजुराची टिश्यू कल्चर रोपे: बाटलीतून उन्हात

प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढलेल्या खजुराच्या रोपाला ऊन, वारा आणि कोरडी हवा या तिन्ही गोष्टी नव्या असतात. बाटलीत आर्द्रता जवळजवळ १०० टक्के, उजेड मोजका आणि साखर आयती. त्यामुळे पानावरचा मेणाचा थर पातळ राहतो, पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. असे रोप उघड्यावर आले की मुळे पाणी ओढायच्या आतच ते पानांतून उडून जाते. खानदेशातल्या शिंदखेड्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तिथे ही उणीव जिवावर बेतते.

खानदेशात टिश्यू कल्चर म्हणजे केळी. जळगावच्या ग्रँड नैनने शेतकऱ्यांचा हात त्यावर बसवला आहे, आणि फसगत होते ती तिथेच. केळीचे रोप दोनेक महिन्यांत लागवडीला येते; वरून करपले तरी कंदातून पुन्हा फुटते. खजुराच्या बारही जातीच्या कोवळ्या रोपाला मात्र वाढीचा कोंब एकच. तो गेला की रोप गेले.

रोप बाटलीतून काढल्यावर मुळांना चिकटलेले माध्यम कोमट पाण्याने पूर्ण धुवावे. साखर राहिली की बुरशी धरते. मग बुरशीनाशकात बुडवून कोकोपीटमध्ये, प्लॅस्टिकच्या बोगद्यात ठेवावे. बोगदा पहिल्यांदा उघडायचा तो संध्याकाळी, मग सकाळीही, दुपारी सगळ्यात शेवटी. बाटलीत आलेले पान बाहेर फारसे कामाचे नसते, म्हणून भरवसा ठेवायचा तो बाहेर फुटलेल्या नव्या पानावर. ते दिसेपर्यंत खताची घाई नको.

बरीच रोपे तहानेने नव्हे, पोंग्यात (मधल्या न उलगडलेल्या पानांत) साचलेल्या पाण्याने दगावतात. पान मलूल दिसले की पाणी वाढवले जाते आणि कूज आणखी पसरते. पोंगा दोन बोटांत धरून हलकेच ओढावा. तो अलगद निघून आला आणि बुडाशी आंबूस वास असला, तर ते रोप बाजूला काढावे. पाणी बुडाशीच द्यावे.

बोगद्यानंतर पिशवीत, शेडनेटखाली पुढची वाढ. खजूर इथे बरेच महिने घेतो. सुरुवातीची पाने पट्टीसारखी अखंड असतात. चिरलेली, पिसासारखी तीन-चार पाने येईपर्यंत रोप शेतात नेऊ नये. काळ्या पिशव्या उघड्या उन्हात ठेवल्या की मुळे शिजतात, हेही ध्यानात असावे.

लागवड फेब्रुवारी-मार्चमध्ये केली, तर मुळे धरण्याआधीच उन्हाळा गाठतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात लावलेल्या रोपाला मे महिन्यापर्यंत पुरेसा वेळ मिळतो. अंतर ८ बाय ८ मीटर, म्हणजे हेक्टरी साधारण १५६ झाडे. काळ्या जमिनीत पाणी साचू नये म्हणून रोप थोड्या उंचवट्यावर लावावे. पिशवीतली मातीची हुंडी फुटू देऊ नये आणि कोंब मातीखाली गाडला जाऊ नये. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाजूने पऱ्हाट्यांचा आडोसा करावा आणि पावसाळा लागला की तो काढून टाकावा.