सत्तरीनंतर वजने उचलावीत का?

प्रश्न : वय ७२. मुलाकडे बंगळुरूत सर्जापूर रोडला राहते. सोसायटीतल्या जिममध्ये वजने उचलू, की चालणेच पुरे?

उत्तर : चालणे सोडू नका, पण तेवढ्यावर थांबू नका. इथल्या उंचसखल फुटपाथवर तोल सावरायला, जिना चढायला मांड्यांत ताकद लागते. संथ फेऱ्यांनी ती फारशी वाढत नाही. बोस्टनच्या वृद्धाश्रमातील अशक्त रहिवाशांवरील १९९४च्या अभ्यासात सरासरी वय ८७ होते. तरी दहा आठवडे जड वजनांचा व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली, चालही सुधारली. हृदयाला झेपेल का, ही शंका रास्तच. नॉर्वेत ७० ते ७७ वयाच्या लोकांच्या पाच वर्षांच्या चाचणीत जोरकस व्यायामाने मृत्यू वाढले नाहीत. मात्र छातीत दुखत असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. प्रशिक्षकासमोर हलक्या वजनाने सुरुवात करा, श्वास रोखू नका आणि भार हळूहळू वाढवा.