वेगवान बोट आणि भाड्याचा हिशेब

उमरीच्या बाजारात मालवाहतूक करणाऱ्या एका बांधवाने मागे आम्हाला विचारले, "जुना टेम्पो विकून कर्जावर नवा, जोरात पळणारा घ्यावा काय?" उत्तराऐवजी आम्ही त्यांना बोटींची हकीकत सांगितली. तीच येथे देत आहोत.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. लगोलग टाळेबंदी आली. ऑगस्टमध्ये ती पुन्हा निघाली. बोट ग्रीसमध्ये बांधलेली. शंभरावर मोटारी तिच्या पोटात मावतात. वेग मात्र १४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटर. आपला जुना टेम्पोसुद्धा याहून जोरात पळतो! तरीही तिला गिऱ्हाईक आहे. कारण पनवेल-पेणमार्गे रस्ता शंभर किलोमीटरच्या वर, तीन-चार तासांचा. पाण्यावरून तासाभरात काम होते. शिवाय पावसाळ्यात गेटवेच्या छोट्या लाँच बंद असतात, तेव्हाही ही चालते.

आता वेगाची किंमत पाहू. साधारण नियम असा की, बोटीचा वेग दुप्पट केला तर इंजिनाला आठपट जोर लावावा लागतो. वेळ निम्मा लागतो हे खरे, पण एका फेरीचे इंधन चौपट जळते. दोन सांगाड्यांच्या हलक्या बोटीत हा भार काहीसा कमी होतो, संपत नाही. हे पैसे उतारूंच्या खिशातूनच यायचे असतात.

अमेरिकेत २००४ साली दोन मोठ्या सरोवरांवर अशा वेगवान मोटार-बोटी सुरू झाल्या. मिशिगन सरोवरावरची मिलवॉकी ते मस्कीगन ही बोट अडीच तासांत पलीकडे जाते. रस्त्याने शिकागोला वळसा घालून जायचे तर दुप्पट वेळ. ती बोट फक्त हंगामात चालते, पण टिकली आहे. दुसरी ऑन्टारिओ सरोवरावरची, रॉचेस्टर ते टोरोंटो. सातशेवर उतारू, दोनशेवर मोटारी, थाट मोठा. पण पाण्यावर सव्वादोन तास, वर दोन देशांतली कागदपत्रांची तपासणी, आणि रस्ता जेमतेम तीन तासांचा! वाचले काय? पहिल्याच उन्हाळ्यात कंपनी बंद पडली. २००५ मध्ये नगरपालिकेने ती बोट ३ कोटी २० लाख डॉलरला घेतली, वर्षभरात तिनेही हात टेकले आणि २००७ मध्ये बोट विकली गेली.

आमच्या बांधवाला आम्ही एवढेच विचारले: नांदेडला तुमचा माल अर्धा तास आधी पोहोचला, तर व्यापारी भाडे वाढवून देईल काय? ते म्हणाले, "नाही, दुकान तर दहालाच उघडते." मग परतीच्या फेरीचे विचारले. आठवड्यातून चार वेळा टेम्पो रिकामा येतो, असे निघाले. कर्जाचा अर्ज त्यांनी तूर्त बाजूला ठेवला आहे. सध्या ते नांदेडहून किराण्याचा परतीचा माल शोधत आहेत.