दाखल्यात न मावलेलं

पालकहो,

एप्रिल सरत आला की मी सातवीच्या मुलांचे दाखले लिहायला घेते. आमची शाळा सातवीपर्यंतच आहे, त्यामुळे दरवर्षी एक अख्खा वर्ग उठून हायस्कूलला जातो. रजिस्टर क्रमांक, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, आधीची शाळा. मग प्रगती, त्यापुढे ‘चांगली’. वर्तणूक, त्यापुढेही ‘चांगली’. शाळा सोडल्याचं कारण, ‘पुढील शिक्षणासाठी’. पहिल्या मुलासाठी जे लिहिते तेच चाळिसाव्यासाठी. सात वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेलं मूल त्या कागदावर मला कुठेच भेटत नाही.

म्हणून काही वर्षांपासून मी दाखला हातात देण्याआधी मुलांकडून एक पान लिहून घेते. विषय एकच: दाखल्यावर जे नाही ते लिहा. शाळेत काय केलंत, आणि आठवीत जाताना मनात काय आहे. शुद्धलेखनाच्या चुका मी काढत नाही.

यंदा एका मुलीने एकाऐवजी चार पानं लिहिली. तिला आणि तिच्या आईबाबांना विचारून, नाव न सांगता, त्या पानांबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. वडील यंत्रमागावर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. आई राहनाळच्या बाजूला एका गोदामात पॅकिंगला जाते. भिवंडीत अशी घरं गल्लोगल्ली आहेत, तुमच्यापैकीही अनेकांचं घर असंच असेल.

चार पानांत परीक्षेचा उल्लेख एकदाही नाही. मी दोनदा शोधला. सातवीत तिला ‘अ’ श्रेणी आहे, पण तिच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. तिने सुरुवात केली दुसरीतल्या परिपाठापासून. दिनविशेष वाचायला पुढे आली आणि ‘स्वातंत्र्यसैनिक’ या शब्दाला अडली, मागून कुणीतरी हसलं, बाईंनी हळूच तो शब्द फोडून सांगितला. मग चौथीतली लोनाडची क्षेत्रभेट. टेकडी चढून लेण्यापर्यंत जाताना तिची चप्पल तुटली, तशीच अनवाणी गेली, आणि दगडात कोरलेल्या राजाच्या दरबारातली माणसं मोजली. तिची मोजणी आणि मैत्रिणीची मोजणी जुळेना, त्यावरून भांडण. पाचवीतला आनंद मेळा, त्यात भेळेचा गाडा. कांदा संपला, म्हणून तिने भाव न वाढवता कैरी जास्त घातली. मला यातलं कैरीचं माहीतच नव्हतं. त्या वर्षीच्या प्रगतीपुस्तकात मी तिच्या नावापुढे ‘विविध उपक्रमांत सहभाग घेते’ एवढंच लिहिलं होतं. तेव्हा ते मला पुरेसं वाटलं होतं.

सगळ्यात मोठा मजकूर आहे सहावीतल्या विज्ञान प्रदर्शनाचा. तो प्रसंग मी स्वतः पाहिला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तिने माग केला होता. चपलांचा खोका, त्याला दोन्ही बाजूंनी खाचा, खाचांतून ताणलेले लाल-पांढरे दोरे. लाल दोरे एका पट्टीला बांधलेले, पांढरे दुसरीला. एक पट्टी उचलली की लाल दोरे वर, दुसरी उचलली की पांढरे वर, आणि दोन थरांच्या मधल्या फटीतून पलीकडे जाणारी खरीखुरी कांडी, वडिलांनी कारखान्यातून आणलेली. पुठ्ठ्याची फणी आडवा दोरा ठोकून बसवायची. तासाभरात बोटभर कापड झालं होतं.

परीक्षक तिच्यासमोर आले आणि तिची बोबडी वळली. पाठ केलेलं सगळं गेलं. तेवढ्यात दारातून तिचे वडील आत आले. रातपाळी करून थेट आलेले, भुवयांवर आणि केसांत कापसाचा पांढरा भुरा तसाच. मुलगी गप्प उभी आहे हे पाहून ते पुढे झाले आणि म्हणाले, “मी सांगू का?” आणि सांगायला लागले. आवाज केवढा! बारा तास मागाच्या खटखटीत बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागतं, ती सवय घरीही सुटत नाही. सगळं सभागृह वळून पाहायला लागलं. ताणा म्हणजे काय, बाणा म्हणजे काय, एक तार तुटली तर माग का थांबवायचा, नाही थांबवला तर तागा कसा वाया जातो, हे त्यांनी त्या खोक्यावर बोट ठेवून ठेवून सांगितलं. मग थांबले आणि लेकीला म्हणाले, “आता पुढचं तू सांग.” आणि तिने सांगितलं.

बक्षीस मिळालं नाही. तिच्या पानात त्याची खंतही नाही. तिने लिहिलं आहे: “बाबा घरी कमी बोलतात. त्या दिवशी त्यांचं सगळे ऐकत होते. मला वाटलं बाबापण सर आहेत.”

आणि शेवटच्या पानावर, आठवीबद्दल, तीनच ओळी. नवी शाळा मोठी आहे. तिथे मला कोणी ओळखत नाही. आई म्हणते आता आठवी लागली, नाटक, प्रदर्शन सगळं बंद, फक्त शाळा आणि क्लास, मग बाबांना शाळेत कशासाठी बोलवू?

पालकहो, हा प्रश्न वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. तो तिने माझ्या कागदावर लिहिला, पण विचारला आहे तुम्हाला.

‘आता आठवी लागली’ हे वाक्य मी या दिवसांत रोज ऐकते. ते काळजीपोटी येतं हे मला पुरतं ठाऊक आहे. हायस्कूल लांब असतं. आठवीचे वर्ग बऱ्याच ठिकाणी दुपारच्या सत्रात भरतात, शाळा सुटेपर्यंत संध्याकाळ होते, आणि हिवाळ्यात घरी पोचेपर्यंत अंधार. कल्याण नाक्यावर रिक्षा मिळता मिळत नाही, जुलैत तीन बत्तीला पाणी भरलं की मूल कुठे अडकलं असेल या विचाराने जीव खालीवर होतो. त्यात मुलगी असेल तर काळजी दुप्पट. अशा वेळी शाळा सुटल्यावरचा तासभर सरावाचा वेळ हाच सगळ्यात आधी कापला जातो. कापायला सोपा म्हणून. क्लासची फी भरलेली असते, सरावाची नसते.

पण आठवीत मुलाचं काय होतं तेही एकदा पाहा. आमच्याकडे एकच बाई जवळजवळ सगळे विषय शिकवते. मूल शिंकलं तरी तिला कळतं. हायस्कूलमध्ये दर तासाला घंटा होते आणि नवीन शिक्षक येतात. गणिताचे वेगळे, इतिहासाचे वेगळे. संयुक्त घेतलं तर हिंदीच्या जोडीला संस्कृत. सेमी असेल तर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. वर्गात पाच-सहा शाळांमधून आलेली मुलं, त्यांचे आपापले गट. शिक्षकांना सगळ्यांची नावं पाठ व्हायला दिवाळी उजाडते, त्यांचा दोष नाही, त्यांच्यापुढे मुलंच तेवढी असतात. त्या गर्दीत आपल्या लेकराला नावाने हाक कोण मारतं? लेझीमच्या पथकात शेजारी उभी असलेली मुलगी मारते. चित्रकलेचे सर मारतात, कारण त्यांना त्याचा रंगाचा हात लक्षात असतो. कबड्डीचा संघ निवडणारे सर मारतात.

दिवाळीच्या सुट्टीत आमची जुनी मुलं भेटायला येतात. मी ऐकत असते. कुणी म्हणतं “त्या शाळेत असं असतं”, कुणी म्हणतं “आमच्या शाळेत असं असतं.” चार महिन्यांत ज्यांची नवी शाळा ‘आमची’ झालेली असते, ती बहुतेक मुलं तिथे काही ना काही करत असतात. हा काही मोठा अभ्यास नव्हे, इतक्या वर्षांत कानावर पडलेलं सांगते आहे.

मला आणखी एक गोष्ट तुमच्यापुढे मोकळी करायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी कबड्डीत जीव ओतणारी एक मुलगी माझ्या वर्गात होती. आठवीत जाताना तिच्या आईने मला विचारलं, बाई, खेळ बंद करू का हिचा? मी म्हटलं, करा, आता अभ्यासाकडे लक्ष द्यायला हवं. माझ्या सांगण्याला त्या घरात मान होता. खेळ बंद झाला. नववीच्या सहामाहीनंतर ती शाळेत जाईनाशी झाली. त्याला दुसरीही कारणं होती, घरची होती, पैशाची होती. पण सकाळी उठून शाळेत जावंसं वाटायचं तिचं एक कारण मी माझ्या तोंडाने काढून घेतलं होतं. आज मला कुणी तेच विचारलं, तर उत्तर द्यायला मी वेळ घेते.

व्यवहाराचंही बोलू, कारण घर व्यवहारावर चालतं. ज्याला तुम्ही ‘चित्रं काढत बसणं’ म्हणता त्याच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षा असतात, आणि इंटरमिजिएटमधल्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीच्या निकालात धरले जातात, ‘अ’ श्रेणीला 7, ‘ब’ला 5, ‘क’ला 3. खेळातल्या कामगिरीसाठी आणि लोककलेसाठीही असे गुण आहेत. आणि अभ्यासाचीच काळजी असेल तर आठवीतच एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल सरकारी, अनुदानित किंवा पालिकेच्या शाळेत असेल, तर बसता येतं. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळतात. अर्ज शाळेमार्फत भरायचा असतो, म्हणून दिवाळीच्या आधीच वर्गशिक्षकांना विचारून ठेवा. या परीक्षेत निम्मे प्रश्न बुद्धिमत्तेचे असतात. कांदा संपल्यावर कैरी घालणारं डोकं तिथेही कामाला येतं, असं मला मनापासून वाटतं.

सगळं चालू ठेवा असं माझं म्हणणं नाही. ते होणारही नाही. नाच, नाटक, खेळ, चित्रकला, स्काउट-गाइड, सगळ्याला घरचा वेळ आणि रिक्षाचं भाडं पुरणार नाही. एक ठेवा. कोणतं ते मुलाला ठरवू द्या, आणि ठरलं की परीक्षेच्या आठवड्यातही ते शिक्षा म्हणून बंद करू नका. आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात अर्धा दिवस काढून नव्या वर्गशिक्षकांना भेटा. फी, गणवेश, वह्या हे सगळं बोलून झाल्यावर, दाखल्यावर नसलेली तुमच्या मुलाची एक गोष्ट त्यांना सांगा. ही न घाबरता बोलते. हा तुटलेली वस्तू जोडतो. हिने सहावीत माग केला होता. साठ मुलांमधून तुमचं मूल त्यांच्या लक्षात राहायला तेवढं पुरतं.

त्या मुलीची आई दाखला न्यायला आली, तेव्हा मी ती चार पानं तिच्यापुढे ठेवली. गोदामातून तासाभराची सुटी काढून आली होती, हातावर चिकटपट्टीचे तुकडे तसेच. तिने ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचलं. चपलेच्या जागी हसली. शेवटच्या पानावर बराच वेळ थांबली. मग मला म्हणाली, “बाई, मला कळतं हो. पण संध्याकाळी हिला घरी आणणार कोण? मला सुटायला आठ वाजतात.”

या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नव्हतं. आम्ही दोघी बसलो आणि त्या गल्लीतून त्याच हायस्कूलला कोण कोण जातंय ते काढलं. तीन मुली निघाल्या. त्यांपैकी एकीची आजी रोज संध्याकाळी नाक्यापर्यंत भाजीला जाते. आजीला विचारून पाहायचं, सरावाच्या दिवशी तिघींनी एकत्रच निघायचं, आणि सराव आठवड्यातून दोनच दिवस, असं ठरलं. आजी कबूल झाली तर. आई उठताना म्हणाली, “प्रदर्शनाचं तेवढं ठेवते. नाटकाचं बघू.” मी म्हटलं, चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकापाशी वडील उभे होते. पुन्हा रातपाळीहून आलेले, भुवया पांढऱ्या. आत यायला तयार होईनात. फाटकाबाहेरूनच, त्या चढ्या आवाजात, त्यांनी विचारलं, “बाई, त्या मोठ्या शाळेत प्रदर्शन कुठल्या महिन्यात असतं? पाळी बदलून घ्यायची तर मुकादमाला आधी सांगावं लागतं.”